ड जीवनसत्त्वाची पुडी : गरज, मात्रा आणि मर्यादा

(कार्यकर्त्यांच्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्याकडे सोपविलेला विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. एका पुडीविषयी मला बोलावयाचे आहे. दुधात किंवा पाण्यात टाकून घ्यावयाची, ६०,००० एककांची ड जीवनसत्त्वाची पुडी आज लहानमोठ्या गावांतील औषधांच्या दुकानांत सहज मिळते. तेच औषध गोळीच्या, कॅप्सुलच्या आणि पातळ औषधाच्या रूपातही मिळते. कंबर दुखते म्हणून, पाय ओढतात म्हणून, थकवा जात नाही म्हणून लोक ते घेतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणूनही घेतात. परंतु ते किती दिवस घ्यावयाचे, केव्हा थांबवावयाचे आणि कोणी मुळीच आपल्या मनाने घेऊ नये, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या देशात आज दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. ज्या मुलांना, ज्या वृद्धांना आणि ज्या कष्टकरी स्त्रियांना या जीवनसत्त्वाची खरोखर उणीव आहे त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत ते पोहोचत नाही. दुसरीकडे, ज्यांना त्याची गरज नाही किंवा ज्यांची गरज केव्हाच भागली आहे, असे लोक ते महिनोन्महिने घेत राहतात आणि त्यांच्यापैकी काहींचे मूत्रपिंड त्यापायी धोक्यात येते. औषध तेच, एकाला ते आरोग्य देते आणि दुसऱ्याला विष ठरते. हा भेद मात्रेचा आहे, आणि मात्रा समजून घेणे हे डॉक्टरांइतकेच औषध घेणाऱ्याचेही काम आहे. आजच्या बोलण्याचा सारा रोख यावर राहील.

कामगार वस्त्यांतील रोग

या जीवनसत्त्वाचा इतिहास म्हणजे औद्योगिक शहरांचा इतिहास होय. लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, छातीचा पिंजरा बेढब होतो. या रोगाला आपण मुडदूस म्हणतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, धुराने आकाश झाकोळले, अरुंद बोळांतील अंधाऱ्या खोल्यांत कामगारांची कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली आणि मुडदूस हा युरोपातील शहरी गरिबांच्या मुलांचा नेहमीचा रोग होऊन बसला. १८२२ साली श्न्यादेत्स्की या पोलिश वैद्याने नोंदविले की वॉर्सा शहरातील मुलांना जो रोग होतो तो भोवतालच्या खेड्यांतील मुलांना होत नाही. मुलांना उघड्यावर उन्हात न्यावे, असे त्याने सांगितले. १८९० साली थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरने निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून हाच निष्कर्ष काढला. आहार निकृष्ट असूनही जेथे ऊन भरपूर आहे तेथे हा रोग विरळा, आणि आहार बरा असूनही जेथे ऊन नाही तेथे तो उदंड, असे त्याच्या ध्यानात आले होते.

या निरीक्षणांना शास्त्रीय पुराव्याची जोड पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मिळाली. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने १९१९ साली पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी करून दाखविली. त्याच सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. युद्धाने उपासमारीस लावलेल्या व्हिएन्ना शहरात हॅरिएट चिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या रुग्णालयात दाखवून दिले की माशाचे तेल आणि सूर्यप्रकाश हे दोन्ही उपाय मुडदुसावर लागू पडतात. १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम याने या तेलातील हाडांना उपयोगी पडणारे द्रव्य अ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे सिद्ध केले, आणि पुढे त्याला ‘ड’ हे नाव मिळाले.

यानंतरचा एक प्रसंग आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक याने १९२४ च्या सुमारास शोधून काढले की अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडले तर त्यांच्यात ड जीवनसत्त्व निर्माण होते. या शोधाचे पेटंट घेऊन ते विद्यापीठाशी संबंधित एका प्रतिष्ठानाच्या हवाली करण्यात आले. त्या प्रतिष्ठानाने अनेक कंपन्यांना परवाने दिले. पण मार्गारिन बनविणाऱ्यांना दिले नाहीत. लोणी परवडत नाही त्या गरिबाच्या पावाला लागणारा पदार्थ म्हणजे मार्गारिन. आणि विस्कॉन्सिन तर दूधलोण्याच्या धंद्याचे राज्य. मुडदूस ज्यांच्या घरात होता त्यांच्याच ताटापासून मुडदुसाचे औषध दूर ठेवले गेले. १९४० नंतरच्या दशकात हे पेटंट अमेरिकी न्यायालयात टिकले नाही, आणि त्या खटल्यात न्यायाधीशांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले.

शरीरात काय घडते

आता थोडे शरीरशास्त्र पाहू, कारण त्यावाचून मात्रेचा प्रश्न उलगडणार नाही. दुपारच्या आसपासच्या उन्हात जे अतिनील किरण असतात ते त्वचेत पोहोचले की तेथील एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होते. ते रक्तातून यकृताकडे जाते, तेथे त्यात एक रासायनिक बदल होतो, आणि मग मूत्रपिंडात दुसरा बदल होऊन ते कार्यक्षम बनते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास शरीराला मदत करणे हे त्याचे मुख्य काम होय. त्याची उणीव पडली तर मुलांना मुडदूस होतो; मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात, कंबर, मांड्या व बरगड्या दुखतात, जिना चढताना आणि उकिडवे बसून उठताना त्रास होतो.

उन्हातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. त्वचेत ते गरजेपेक्षा अधिक झाले की तेच ऊन त्याचे विघटन करते. तोंडावाटे किंवा इंजेक्शनने घेतलेल्या औषधाला असा कोणताही अंगभूत लगाम नाही. शिवाय हे जीवनसत्त्व पाण्यात न विरघळता चरबीत विरघळते. ब किंवा क जीवनसत्त्वाचा जादा भाग लघवीवाटे बऱ्याच अंशी निघून जातो. ड जीवनसत्त्व मात्र शरीरातील चरबीत साठून राहते. म्हणून आज घेतलेल्या जादा मात्रेचा हिशेब आजच मिटत नाही. तो साचत जातो, आणि औषध बंद केल्यावरही परिणाम कित्येक आठवडे, कधी कधी महिने टिकतो.

साठा मर्यादेबाहेर गेला म्हणजे रक्तातील कॅल्शियम वाढू लागते. मळमळ, उलट्या, भूक मरणे, बद्धकोष्ठ, फार तहान लागणे, वारंवार लघवीला होणे, स्नायूंची अशक्तता ही त्याची लक्षणे. पुढे माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो, सुस्त पडतो. मूत्रपिंडात खडे होतात, मूत्रपिंडाचे काम मंदावते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. यातील विपरीत भाग असा की अशक्तपणा आणि थकवा हीच विषबाधेची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. औषध ज्या तक्रारीसाठी सुरू केले तीच तक्रार वाढली म्हणून माणूस आणखी एक पुडी घेतो.

आकड्यांचा हिशेब

या औषधाचे मोजमाप आंतरराष्ट्रीय एककांत होते. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी दिवसाची शिफारस ६०० एकके अशी केली. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून दिवसाकाठी ४,००० एककांपलीकडे जाऊ नये, अशी वरची मर्यादाही प्रौढांसाठी सांगितली जाते. ही मर्यादा म्हणजे गाठावयाचे उद्दिष्ट नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

आता ६०,००० एककांच्या पुडीकडे पाहा. दिवसाला ६०० एकके धरली तर एका पुडीत शंभर दिवसांचे जीवनसत्त्व असते. सिद्ध झालेल्या उणिवेवर उपचार म्हणून डॉक्टर ती साधारणतः आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ आठवडे देतात आणि नंतर कमी मात्रेवर आणतात. याचा अर्थ असा की या औषधाला सुरुवात आहे तसा शेवटही आहे. घोटाळा होतो तो येथेच. चिठ्ठीवर आठवड्याला एक असे लिहिलेले असते. घरी मात्र इतर गोळ्यांप्रमाणे तीही रोज घेतली जाते. किंवा आठ आठवड्यांची चिठ्ठी घेऊन वर्षभर दुकानातून औषध आणले जाते. रोज एक पुडी घेतली तर दहा दिवसांत ६ लाख एकके पोटात जातात. कोठे कोठे कंबरदुखीसाठी ६ लाख एककांचे इंजेक्शन दिले जाते, एकाच्या इंजेक्शनाने आराम पडला नाही तर दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा घेतले जाते, आणि पहिल्याची नोंद दुसऱ्याकडे नसते. काश्मीर खोऱ्यात ड जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर आहे. आणि त्याच खोऱ्यातील डॉक्टरांनी अशा जादा मात्रेने झालेल्या विषबाधेच्या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केली आहे. उणीव आणि अतिरेक शेजारी शेजारी कसे नांदतात याचे हे उदाहरण आहे.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत धोका अधिक आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एकके द्यावीत, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला आहे, कारण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्प असते. हा सल्ला पाळलाच पाहिजे. परंतु बाजारात बाळांसाठी जे थेंब मिळतात त्यांचे प्रमाण एकसारखे नसते. कोठे १ मिलिलिटरमध्ये ४०० एकके असतात, कोठे ८००. आणि ५ मिलिलिटरच्या एका लहान बाटलीत ६०,००० एकके असलेले मोठ्यांचे औषधही त्याच फळीवर असते. ही बाटली बाळाच्या थेंबांची समजून तिच्यातून रोज १ मिलिलिटर दिले तर बाळाला ४०० ऐवजी १२,००० एकके मिळतात, म्हणजे तीसपट. बाळ दूध सोडते, उलट्या करते, वजन घटते. घरच्यांना वाटते की दात येत आहेत.

दुसऱ्या देशांचे अनुभव

जादा मात्रेचा धडा जगाने पूर्वीच घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांना मुडदुसापासून वाचविण्यासाठी दुधाच्या भुकटीत, धान्याच्या खाद्यात आणि माशाच्या तेलात भरपूर ड जीवनसत्त्व देण्यात आले. हेतू स्तुत्य होता आणि मुडदूस घटलाही. पण १९५० नंतरच्या काही वर्षांत रक्तात कॅल्शियम वाढलेली तान्ही मुले रुग्णालयांत येऊ लागली. एकच मूल भुकटीतून, खाद्यातून आणि तेलातून तीन वाटांनी जीवनसत्त्व घेत होते, आणि तिहींची बेरीज कोणी केली नव्हती. १९५७ साली तेथे हे प्रमाण कमी करण्यात आले. पुढे २०११ साली असे आढळले की काही मुलांत हे जीवनसत्त्व मोडून काढणाऱ्या जनुकातच जन्मजात दोष असतो. इतरांना सोसेल ती मात्राही त्यांना सोसत नाही.

वृद्धांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख एकके एकदम देण्यात आली होती. हाडे बळकट होऊन पडझड कमी होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी अधिक भरले. वर्षाचे औषध एका दिवसात उरकण्याची सोय शरीराला मानवली नाही.

निरोगी माणसाने हे जीवनसत्त्व घेतल्याने सर्व रोगांपासून संरक्षण मिळते, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीत निम्म्यांना रोज २,००० एकके दिली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोग होण्याचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. २०२२ साली असेही दिसून आले की हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही. याचा अर्थ ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. त्या चाचणीतील बहुसंख्य लोकांना उणीव नव्हती. ज्याचे पोट भरले आहे त्याला आणखी वाढल्याने बळ येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उणीव कोणाला आहे ?

आता आपल्या देशाकडे वळू. २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची जी राष्ट्रीय पाहणी झाली तीत १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि किशोरवयीन २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली. हे आकडे चिंताजनक आहेत. परंतु खाजगी तपासण्यांच्या आधारे शहरांत दहापैकी आठ-नऊ जणांना उणीव आहे असे जे बोलले जाते, त्याच्याशी ते जुळत नाहीत. कारण मोजपट्टी वेगळी आहे. राष्ट्रीय पाहणीने रक्ताच्या १ मिलिलिटरमध्ये १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे उणीव असे धरले. हाडांच्या आरोग्यासाठी बहुतेकांना २० पुरतात, असे अमेरिकी तज्ज्ञांच्या समितीने २०१० साली सांगितले होते. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर मात्र ३० ही रेषा छापलेली असते, आणि ती ओलांडू न शकलेला प्रत्येक माणूस रोगी ठरतो. ज्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली ३० चा आकडा पुढे केला होता, तिनेच २०२४ च्या मार्गदर्शनात त्याचा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट रक्ततपासणी करू नये असे सांगितले. रेषा वर सरकविली की एका दिवसात लाखो नवे रुग्ण तयार होतात, आणि त्यांच्याबरोबर तपासणीचे व औषधाचे नवे गिऱ्हाईकही.

खरी उणीव कोठे शोधावी ? जेथे ऊन पोहोचत नाही तेथे. चंद्रपूर-वणीच्या भूमिगत खाणीत उतरणारा कामगार, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, बंद शेडमध्ये बारा तास शिवणयंत्रावर वाकलेली स्त्री, सोलापुरात घरात बसून विड्या वळणारी बाई, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, धुक्याधुराने झाकोळलेल्या दिल्लीच्या हिवाळ्यात दाटीच्या वस्तीत वाढणारी मुले; या सर्वांना धोका अधिक. काचेच्या खिडकीतून आलेले ऊन येथे उपयोगी नाही, कारण हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडविते. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. अन्नातून ते थोडेच मिळते : तेलकट मासे, अंड्याचा बलक, आणि ज्यावर ‘प्लस एफ’ ही खूण असते असे पोषणवर्धित दूध व तेल.

व्यवहारात काय पाळावे

कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरी पाळावे आणि वस्तीत सांगावे असे काही नियम मी मांडतो.

पहिला नियम : पुडी, कॅप्सुल किंवा बाटली, कशावरही एककांचा आकडा वाचल्यावाचून औषध घेऊ नये. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : किती एकके, रोज की आठवड्याला, आणि कोणत्या तारखेपर्यंत. आठवड्याचे औषध असेल तर वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी.

दुसरा नियम : बेरीज करावी. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत २५० किंवा ५०० एकके असतातच. बहुजीवनसत्त्वाच्या गोळीतही असतात. सरकारी योजनेतून गर्भवती स्त्रीला चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळतात; त्यांपैकी प्रत्येकीत २५० एकके असतात, म्हणजे दिवसाला ५००. तिने त्यावर आणखी पुडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. या गोळ्या लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, नाही तर लोह नीट शोषले जात नाही.

तिसरा नियम : बाळाचे थेंब देताना त्याच औषधाबरोबर आलेला ड्रॉपर वापरावा. नवी बाटली दुसऱ्या कंपनीची असेल तर १ मिलिलिटरमध्ये किती एकके आहेत ते पुन्हा वाचावे. घरातील ६०,००० एककांच्या बाटल्या बाळाच्या औषधांपासून वेगळ्या ठेवाव्यात. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उपचाराखेरीज दिवसाला १,००० एककांहून अधिक कधीही देऊ नये.

चौथा नियम : काही रुग्णांनी हे औषध स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. मुतखडा झालेले, मूत्रपिंडाचा विकार असलेले, रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले, आणि क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस झालेले लोक त्यांत येतात. क्षय व सारकॉइडोसिसमध्ये रोगग्रस्त पेशीच हे जीवनसत्त्व कार्यक्षम बनवू लागतात आणि कॅल्शियम अचानक वाढू शकते. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांच्या शरीरात कॅल्शियम अडकून राहते. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना कॅल्शियम वाढणे विशेष घातक. उलट फिट्सवरील फेनिटॉइन व फेनोबार्बिटल आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन ही औषधे ड जीवनसत्त्व लवकर मोडून टाकतात. अशा रुग्णांची मात्रा डॉक्टरांनीच ठरविली पाहिजे.

पाचवा नियम : कॅल्सिट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाचे अगोदरच कार्यक्षम झालेले रूप आहे. मुख्यत्वे मूत्रपिंडाच्या व विशिष्ट ग्रंथींच्या रुग्णांना ते अत्यल्प मात्रेत देतात. नावात साम्य आहे म्हणून एकाच्या बदली दुसरे घेऊ नये.

सहावा नियम : जादा औषध गेले आहे अशी शंका आली, किंवा औषध चालू असताना उलट्या, अतिशय तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, गुंगी ही लक्षणे दिसली, तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही तत्काळ थांबवून दवाखान्यात जावे, आणि रिकाम्या पुड्या, बाटल्या बरोबर न्याव्यात. रक्तातील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन या दोन साध्या तपासण्यांनी धोका कळतो. वेळीच कळले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

सातवा नियम : थकव्याचे कारण शोधल्यावाचून थकव्यावर पुडी घेऊ नये. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार, क्षय, ही सारी थकव्याच्या रूपानेच दारात उभी राहतात. पुडीने चार आठवडे खोटा दिलासा दिला तर खऱ्या रोगाचे चार आठवडे फुकट जातात.

ऊन कोणाचे ?

कोणी म्हणेल की एवढ्या नियमांपेक्षा उन्हात बसणे सोपे. खरे आहे, मुंबईच्या अक्षांशावर दुपारच्या आसपासचे थोडे ऊन हातापायांवर नियमित घेतले, त्वचा भाजू न देता घेतले, तर बहुतेक निरोगी माणसांची गरज वर्षातील बराच काळ भागू शकते. पण दुपारी अकरा ते दोन या वेळात उन्हात बसण्याची मुभा कोणाला आहे ? पाळीच्या भोंग्याने बांधलेल्या कामगाराला नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, जिच्या दारासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, तेथे राहणाऱ्या बाळंतिणीला नाही. आणि बांधकामावर, शेतात जे दिवसभर उन्हात राबतात, त्यांच्या ताटात कॅल्शियम देणारे दूध, नाचणी, तीळ, मासळी पुरेशी नसते. त्यांच्या हाडांची दुखणी केवळ ड जीवनसत्त्वाने सुटत नाहीत.

म्हणून पुडीविषयी सावध राहा असे सांगताना तेवढ्यावर थांबता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांसाठी ४०० एककांचे थेंब विनामूल्य मिळाले पाहिजेत. साठ हजार एककांच्या प्रत्येक वेष्टनावर ‘आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने’ हे त्या त्या राज्याच्या भाषेत ठळक अक्षरांत छापले गेले पाहिजे. थेंबांचे प्रमाण सर्व कंपन्यांनी एकच ठेवले पाहिजे. बंद शेडमधील कामगारांना जेवणाची सुटी उघड्या जागेत घालविता आली पाहिजे. अंगणवाडीला अंगण असलेच पाहिजे. या मागण्या मोठ्या नाहीत. पण त्या कोणी केल्या नाहीत, तर रिकामी जागा दुकानातील पुडी भरून काढील.

मित्रहो, हे जीवनसत्त्व प्रथम ओळखले गेले ते कामगारांच्या मुलांच्या वाकलेल्या पायांवरून. शंभर वर्षांनंतर त्याच्या ज्ञानाचा उपयोग कष्टकऱ्यांना व्हावयाचा असेल तर दोन गोष्टी एकदम कराव्या लागतील : ज्याला उणीव आहे त्याला योग्य मात्रा मिळवून देणे आणि ज्याला नाही त्याच्या हातातून अनावश्यक पुडी काढून घेणे. तेव्हा येत्या रविवारी आपल्या घरातील औषधांचा डबा उघडा, आकडे वाचा, बेरीज करा. आणि मग शेजारच्या घरी जा. एवढे सांगून मी माझे बोलणे संपवितो.